पांढऱ्या सीटची फियाट

मोरूभाई चुरींनी आयुष्यात एकच काम मनापासून केलं, ते म्हणजे मजा. वाडवडिलांनी केळवे-माहीमला पानवेली लावून ठेवल्या होत्या आणि बोईसरकडची खडकाळ जमीन कारखानेवाल्यांनी मागतील त्या भावाला घेतली होती. भाईंना करायला उरलंच काय? शनिवारी मुंबईला रेस, रात्री कुठल्याशा हॉटेलात नाचगाणं, रविवारी केळव्याच्या बंगल्यावर दोस्तमंडळी. पन्नाशी आली तरी लग्नाचं नाव नाही.

त्यांच्या फियाटच्या सीटना पांढरीशुभ्र कव्हरं असत आणि दर सोमवारी ती धोब्याकडे जात. त्या कव्हरांवर कोण कोण बसून गेली, हे खुद्द भाईंनाही धड सांगता आलं नसतं. नाखुशीनं कुणी बसली नाही आणि फार दिवस कुणी टिकलीही नाही. भाईंना कंटाळा लवकर यायचा, एवढंच.

अशा माणसाला बोईसरच्या मासळीबाजारात हिरा भेटली. हिरा नवापूरची. नवरा वारल्यावर तिनं घर चालवलं, बाजारातली जागा राखली आणि जीभही धारदार ठेवली. भाईंनी पापलेट दाबून बघायला हात पुढे केला, तशी ती म्हणाली, "शेठ, अत्तराचा हात लावू नका. मासळीला वास लागंल."

भाई पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच यायला लागले. घरचा स्वयंपाकी मासे साफ करून करून टेकीला आला. भाईंना मात्र एकच ध्यास लागला होता: हिरानं एकदा आपल्या गाडीत बसावं. विचारलं की ती म्हणायची, "टोपली सरू दे, मंग बगू." टोपली सरेपर्यंत थांबणं भाईंना कुठून जमणार? तोवर दोस्त हॉर्न वाजवत यायचे आणि भाई निघून जायचे.

शेवटी एका शनिवारी भाई सकाळीच आले. हिरा नुकती वाटे मांडत होती. तिच्यापुढे नोटांची चळत ठेवून भाई ऐटीत म्हणाले, "सगळी टोपली माझी. आता तरी चल."

आजूबाजूच्या कोळणी वळून बघायला लागल्या. हिरानं नोटांना हात लावला नाही.

"पयल्या भवानीच्या टायमाला ही कसली मस्करी?" ती म्हणाली. "सगळी मासळी तुमी न्हेली, तर माज्या गिऱ्हाईकांनी काय न्यावं? आज त्या साखरबायकडं जातील, उद्या मला कोन इचारील? आन आख्खा बाजार म्हनंल, टोपलीच्या नावानं हिरालाच इकत घेतली. ते दिसतं का तुमाला?"

भाईंना ते दिसलं नव्हतं. इतक्या वर्षांत कुणाच्याच बाबतीत ते दिसलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी नोटा उचलून खिशात घातल्या.

"मग मी काय करू?"

"बसा. टोपली सरंल तवा सरंल."

बर्फाचं रिकामं खोकं पालथं घालून भाई बसले. त्यांचा दोस्त नागोराव कंत्राटदार रेससाठी बोलवायला आला, त्याला त्यांनी "तुम्ही व्हा पुढे" म्हणून वाटेला लावलं. अत्तराच्या रुमालानं ते माशा हाकत होते. सगळा बाजार तोंडाला पदर लावून हसत होता, पण गंमत अशी की भाईंना बरं वाटत होतं. गिऱ्हाईक येत होतं, घासाघीस होत होती, हिरा कुणाला रागवत होती, कुणाला वर दोन बोंबील टाकत होती. दुपारी मांदेलीचा एकच वाटा उरला. भाईंनी त्याचा भाव केला; जन्मात पहिल्यांदा केला आणि सपशेल हरले. हिरानं पैसे कपाळाला लावले आणि ती उठली. "चला."

भाईंनी घाईघाईनं रुमाल खिशात कोंबला. गाडीशी पोचल्यावर हिरा मागे वळली आणि ओरडली, "साखरबाय! जमना! नलू! चला गो, शेठ सोडतात नवापूरला!"

तिघी आल्या; हिराची धरून चार टोपल्या झाल्या. टोपल्यांतून पाणी गळत होतं. भाईंची नजर पांढऱ्या कव्हरांकडे गेली, आणि ती कुठे गेली हे हिरानं पाहिलं.

"एकटी बसली तर बाजार बोलंल," ती हळूच म्हणाली. "चौघी बसलो तर कोन काय बोलंल? बसू का नको, ते सांगा."

दार भाईंनी स्वतः उघडलं. तिघींच्या टोपल्याही त्यांनीच आत ठेवल्या. रस्ताभर मागच्या तिघी भांडत, हसत होत्या. हिरा पुढे बसली होती, टोपली मांडीवर घेऊन.

सोमवारी कव्हरं धोब्याकडे गेली, पण वास काही गेला नाही. पुढच्या शनिवारी नागोरावानं गाडीत डोकं घातलं, नाक दाबलं आणि तो गाडीनं न जाता रेल्वेनं मुंबईला गेला. भाई बाजारात आले. खोकं हिरानं आधीच पुसून ठेवलं होतं. इतक्यात कॉलनीतल्या एका बाईंनी मांदेलीचा भाव विचारला. हिराचे हात मासळीत होते. मान वर न करता ती भाईंना म्हणाली, "अवो, सांगा की भाव."

साखरबाईचा कोयता जागीच थांबला. नवरा वारल्यापासून हिरानं बाजारात कुणाला 'अवो' म्हटलं नव्हतं. भाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी घसा खाकरला आणि भाव सांगितला, तोही दोन रुपये चढाच.