दुसरी चटई

ओळखा पाहू मी कोण! जाऊ द्या. या गढूळ पाण्यात माझ्या जातीच्या माद्या मला ओळखत नाहीत, तर तुम्ही काय ओळखणार? मित्रांनो, मी व्हिक्टोरिया सरोवरातल्या खडकाखालचा एक म्हातारा तांबडा मासा आहे. बोटभरच आहे, पण एके काळी माझी ऐट बघण्यासारखी होती.

आम्हा सगळ्यांचे पूर्वज एकच. फार फार वर्षांपूर्वी त्यांतले काही खडकाच्या वरच्या अंगाला शेवाळ खरवडत राहिले, काही खालच्या अंगाला राहून पाण्यात वाहत येणारे बारीक जीव टिपू लागले. वर निळसर उजेड, खाली तांबूस. वरच्या माद्यांच्या डोळ्यांत निळे नर भरत, खालच्यांच्या डोळ्यांत आम्ही तांबडे. पिढ्यान्‌पिढ्या अशाच जोड्या जमल्या आणि एकाच खडकावर दोन जाती झाल्या. मध्ये ना भिंत, ना कुंपण. ज्याला त्याला आपलं माणूस दिसत होतं, एवढंच.

वर काठावर मादुहू नावाचा कोळी जाळं टाकायचा आणि त्याची वहिनी न्यामिझी मासे वाळवायची. निळे एका चटईवर, तांबडे दुसरीवर. "तांबड्याच्या कालवणाची चव कशाला नाही," म्हणायची. ते ऐकून मी फुलून जायचो आणि मला कापरंही भरायचं.

काठाला लव्हाळ्याचं दाट रान होतं. डोंगरउतारावरची माती त्यातच अडायची. एके दिवशी तिथं दडलेल्या मगरीनं न्यामिझीची गाभण शेळी ओढून नेली.

"भावोजी, आता माझी पाळी यायची वाट बघताय का?" ती कडाडली.

"तुम्हाला खाल्लं तर मगरीचंच पोट बिघडेल, वहिनी!" मादुहू हसला. पण दुसऱ्याच दिवशी त्यानं सगळं लव्हाळं कापून जाळून टाकलं. त्याचं तरी काय चुकलं म्हणू? जिवाची भीती कुणाला नसते?

मग पावसाळ्यात डोंगराची माती थेट आमच्या अंगावर आली. उजेड विझला. मी पर फुलवले, नाचून दाखवलं. माझ्या जातीची मादी समोरून निघून गेली ती थेट शेजारच्या निळ्याकडे. फार वाईट वाटलं हो. पण तिला आम्ही दोघे सारखेच काळे दिसत होतो.

पुढे तिनं, आमच्या माद्यांच्या रीतीप्रमाणे, तोंडात जपलेली पिलं माझ्याच खडकाशी सोडली. मोठी झाल्यावर जवळ जाऊन पाहिलं, तर राखाडी. त्यांची पिलंही राखाडी.

परवा वरून न्यामिझीचा आवाज आला, "भावोजी, तांबडे कुठं लपवलेत?"

"डोळ्यांत औषध घाला, वहिनी. एवढी टोपली भरलीय की!"

"भरलीय हो. पण यातला तांबडा कुठला आणि निळा कुठला, तुम्हीच दाखवा."

मादुहू बराच वेळ टोपलीत हात घालून चाळत राहिला. शेवटी त्यानं सगळे मासे एकाच चटईवर ओतले. न्यामिझीनं दुसरी चटई गुंडाळून ठेवली.

मित्रांनो, टोपली भरते आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मगरीची भीती असेल तर पाणी भरायच्या जागेला कूड घाला, पण काठाचं लव्हाळं पुन्हा वाढू द्या. आणि जरा लवकर करा. मी अजून तांबडा आहे म्हणतो खरा, पण आता इथं खाली माझा रंग मलाही दिसत नाही.