मागे फिरणारं चाक

गॅरेजच्या फाटकापाशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध दिवंगत वडिलांची गाडी, पुढची दोन्ही चाकं ठोकळ्यांवर अधांतरी, शेजारी आई आणि लेक, आणि डोळे मिटून चाकबाबा. बाबा पूर्वी पंक्चर काढायचे. मग त्यांना साक्षात्कार झाला आणि गिऱ्हाइकांचे भक्त झाले.

"मुली, उजवं चाक पुढे फिरव."

लेकीने फिरवलं. पलीकडचं डावं चाक, कुणी बोटही न लावता, मागे फिरलं.

"बघितलंत? ही पुढे म्हणते, बाप मागे ओढतो! माफ नाही केलं त्याने हिला. गाडी माझ्या चरणी सोडा आणि ही मुलगी घरात ठेवू नका."

आईने मान खाली घातली. वडिलांच्या छातीत कळ आली, तेव्हा गाडी लेकीनेच काढली होती. समोरच्या ट्रकला वाट देताना एक पुढचं चाक कडेच्या चिखलात उतरलं आणि जागच्या जागी गरगरत राहिलं. लोक जमले. "कुणीतरी धरून ठेवलंय," एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी हात जोडले. रुग्णवाहिका येईपर्यंत वडील गेले होते. तेव्हापासून आई लेकीशी बोलत नव्हती. आज लेकीची बॅग घराच्या दाराशी तयार होती. ती तिने स्वतःच भरली होती.

तेवढ्यात आत्या पुढे आली. वडिलांची ही धाकटी बहीण तंत्रशाळेत शिकवायची. घरात तिला 'उलटतपासणी' म्हणत, अर्थात तिच्या माघारी.

"महाराज, माझा भाऊ त्याच्याच गाडीत आहे ना?"

"दुसरीकडे कशाला जाईल, बाई?"

"मग तुमची गाडी उचलू या."

"माझी? ती पवित्र आहे!"

"म्हणूनच तर."

गर्दीला तमाशा हवाच होता. गॅरेजवाल्याने बाबांच्या नव्याकोऱ्या गाडीची पुढची चाकं उचलली. आत्याने इंजिन बंद ठेवून, भावाच्या गाडीत होता तसाच गिअर टाकला आणि उजवं चाक पुढे फिरवलं. डावं मुकाट मागे फिरलं.

"अरेरे! तुमच्यावर कोण रागावलंय, महाराज?"

कुणीतरी फसकन हसलं. बाबा चाचरले, "आत्मा... इकडे आला असेल."

"मग शेजारची उचलू. भावाची आज फार धावपळ होणार!"

कुणी हललं नाही, तेव्हा आत्या शाळेतल्या आवाजात म्हणाली, "वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. म्हणून दोन्ही चाकांच्या मध्ये दातेरी चाकांची एक पेटी असते, डिफरन्शियल. ती दोघांना वेगवेगळं फिरू देते. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, की पेटी जागीच अडकते. मग एक चाक पुढे ढकललं की आतले दाते दुसऱ्याला मागे ढकलतात. एवढाच आत्मा."

"म्हणजे ते इथे नाहीत?" आईने विचारलं.

"नाहीत, वहिनी."

आई पहिल्यांदाच हमसून रडली. रागावलेला का होईना, नवरा गाडीत होता. आता तोही गेला.

"आत्या, मग त्या दिवशीचं चाक?" लेकीने विचारलं.

"तीच पेटी. चिखलातलं चाक फुकट फिरतं, आणि त्याला लागतो तेवढाच तुटपुंजा जोर जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. गाडी हलत नाही. चाकाखाली दगड सारला असता, चार जणांनी ढकललं असतं, तर निघाली असती."

"पप्पा वाचले असते?"

आत्याने तिचा हात हातात घेतला. "मला माहीत नाही. आणि जे माहीत नाही, ते मी यांच्यासारखं छातीठोक सांगणार नाही."

त्या दिवशीचे बरेचजण गर्दीत होते. ते आपापल्या हातांकडे बघत पांगले. त्यांच्या आडून बाबाही सटकले, पायीच, कारण त्यांची गाडी अजून अधांतरी होती.

आई लेकीपाशी आली. "बॅग आत ने," एवढंच म्हणाली.

तेव्हा मंडळी, चाक उलटं फिरलं, तर आधी दुसऱ्या गाडीचं फिरवून बघा. आणि कुणाची गाडी रुतलेली दिसली, तर हात ढकलायला लावा. जोडायला उरलेला दिवस आहेच.