दहापैकी सहा

गोल झाला आणि रॉसने सवयीने गाडीचा हॉर्न दाबला. मैदानाच्या पलीकडच्या कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या सगळ्या गाड्याही वाजल्या. त्याच्या रांगेतली मात्र एकही वाजली नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने काच खाली केली.

"हॉर्न नको बाबा इथं. ब्रॉडी बसलाय."

दोन गाड्या सोडून तिसरीत ब्रॉडी कानांवर हात दाबून, डोळे मिटून बसला होता. सत्तावीस वर्षांचा धिप्पाड गडी. रॉसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रॉस स्वतः मेलबर्नच्या मोठ्या फुटबॉल क्लबकडून एकशे बारा सामने खेळलेला. गुडघ्याने दगा दिल्यावर तो खेळाडूंचा एजंट झाला. ब्रॉडीला त्याने याच मैदानावर, सतराव्या वर्षी हेरलं आणि त्याच्या आईला, नोरीनला, शब्द दिला होता, "पोरगं माझ्या जबाबदारीवर."

जबाबदारी त्याने कशी पार पाडली, ते त्याचं त्यालाच माहीत. दर फेब्रुवारीत, हंगामाआधी, क्लबचा डॉक्टर खेळाडूंना दहा शब्द ऐकवून आठवतील तेवढे सांगायला लावायचा. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. आकडा घसरला तर घरी बसायचं. "फेब्रुवारीत तू सहाच सांग," रॉसने शिकवलं होतं. "मार खाऊनही सहा आठवतात." ड्रेसिंग रूममधली जुनी चलाखी, त्याने स्वतःही केलेली. ब्रॉडीने चारदा डोक्याला मार खाल्ला आणि चारही वेळा पुढच्या शनिवारी मैदानात उतरला. चारही वेळा रॉसने त्याची पाठ थोपटली.

नोरीन थर्मास घेऊन रॉसच्या गाडीत त्याच्या शेजारी येऊन बसली. चहा ओतून तिने कप त्याच्या हातात दिला.

"गुरुवारी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. चार शब्द आले."

"चारच?"

"फाइलमध्ये पहिल्यापासून सहा. डॉक्टर म्हणतात, बाई, फारसं काही गेलेलं नाही, मुळातच स्मरणशक्ती बेताची. म्हटलं, अहो, अख्ख्या गावाच्या गाड्यांचे नंबर तोंडपाठ होते याला. तर नुसते हसले. उपचार नाही, काही नाही."

रॉसने कप डॅशबोर्डवर ठेवला.

"बाहेर आल्यावर ब्रॉडी काय म्हणाला, माहितेय? म्हणाला, आई, रॉसला सांगू नको हं. त्यानं सहा सांगायला सांगितले होते. माझे दोन कमी पडले."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती समोर मैदानाकडे बघत होती.

"खरा आकडा किती होता, रॉस? तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. डॉक्टरांसाठी लिहून दे."

पहिल्या परीक्षेची ती सकाळ त्याला लख्ख आठवली. क्लबबाहेर याच गाडीत त्याने तालीम घेतली होती. ब्रॉडीने दहाही शब्द सांगितले आणि वर वात्रटपणे उलट्या क्रमानेही म्हणून दाखवले. दोघे पोट धरून हसले होते.

"लिहून दिलं तर माझं एजंटचं लायसन्स गेलं, नोरीन."

"हो, जाईल," ती म्हणाली आणि चहा पीत राहिली.

रॉसने गाडीच्या खणातून कागद काढला. काय शिकवलं, केव्हा शिकवलं, सगळं लिहिलं. दहापैकी दहा. खाली सही केली. नोरीनने कागद वाचला, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"लवकर बोलायचं होतंस."

"हो."

तेवढ्यात पुन्हा गोल झाला. पलीकडे हॉर्न वाजले. या रांगेत मात्र हॉर्नऐवजी ओळीने गाड्यांचे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. ब्रॉडी काचेला नाक लावून हसत होता. रॉसचा हात आपसूक हॉर्नकडे गेला. त्याने तो मागे घेतला आणि दिव्यांचं बटण चाचपडू लागला. ते सापडेपर्यंत बाकीच्यांचे दिवे विझले होते. मग त्याचे एकट्याचे लागले.