इकडे सगळं ठीक आहे

धाकटीला धाकटी म्हणणारे लोक आता कपाळावरचा चष्मा घरभर शोधायच्या वयाला आले होते, आणि तिच्या स्वतःच्या केसांतही पांढरे डोकावू लागले होते. पण नोकरीला लागली तेव्हा ती सगळ्यांत लहान होती, आणि ऑफिसात एकदा चिकटलेलं नाव सुटता सुटत नाही. नाव ठेवलं होतं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. शहरातल्या सगळ्या रुग्णवाहिका ज्या केंद्रातून सुटतात, तिथल्या मशीनचे ते मुख्य इंजिनियर. शिकवायची खोड होती, म्हणून मास्तर.

मशीन म्हणजे काचेच्या खोलीतला एक सर्व्हर. त्याला दोन अंगं, एक वरचं, एक खालचं. दोन्हींत आपापला प्रोसेसर, आणि दोघंही एकच हिशेब एकाच वेळी करतात: फोन कुठून आला, जवळ कोणती गाडी आहे, कुठल्या रस्त्यानं ती लवकर पोहोचेल. एक आडवा पडला तर दुसरा तसाच चालत राहतो. काचेपलीकडे फोन घेणाऱ्या मुलींना त्याचा पत्ताही लागत नाही.

"संसार असावा तर असा," मास्तर म्हणायचे.

"एकच काम दोघंही करताहेत असा संसार तुम्ही पाहिलाय कुठं?" धाकटी विचारायची.

त्या सकाळी वरचं अंग आडवं पडलं होतं. तसं ते आठवडाभर कुरकुरत होतं. प्रोसेसर फार तापला की जीव वाचवायला आपणहून वेग कमी करतो, आणि जोडीनं पावलं टाकायची म्हटल्यावर खालच्यालाही त्याच्यासाठी रेंगाळावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर बाजारात गेलं की होतं तसं. शेवटी मशीननंच वरच्याला ओळीतून बाजूला काढलं, त्याच्या कपाळी पिवळा दिवा लावला आणि सगळा भार खालच्यावर टाकला. नवा भाग येऊन पडला होता. मशीन चालू ठेवून वरचं उपसायचं, नवं सरकवायचं, एवढंच काम. फक्त चुकून खालचं उपसलं, तर शहरातली एकही गाडी कुठं आहे हे कुणालाच कळलं नसतं, आणि मशीन पुन्हा उभं राहीपर्यंत फोनवर रडणाऱ्या माणसाला सांगायला कुणाकडे काही उरलं नसतं.

हे काम मास्तर करणार होते. धाकटीला धास्ती होती ती त्याचीच.

कारण गेल्या उन्हाळ्यापासून मास्तरांचं काहीतरी बिनसलं होतं. आधी पासवर्ड विसरले. मग एकच सूचना दोनदा दिली. मग एकदा चालू भाग बंद करायला निघाले. प्रत्येक वेळी धाकटी मागे होती. त्यांची पाठ वळली की हळूच जाऊन चूक निस्तरायची, समोर असले तर "मास्तर, जरा टॉर्च धरता का?" म्हणून त्यांचे हात गुंतवायचे आणि काम आपण उरकायचं. वीस वर्षं ज्या माणसानं हाताला धरून शिकवलं त्याच्यावर पांघरूण घालायचं नाही तर कुणावर? वय झालं, दमतात, असं ती मनाला सांगायची. तसं काही असतं तर वहिनींच्या नजरेतून सुटलं असतं का?

वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्यांचा रोज सकाळी धाकटीला फोन असायचा.

"पोहोचले का गं?"

"आत्ताच आले. घरी कसं काय?"

"मजेत. ऑफिसात?"

"एकदम ठणठणीत."

आजही एवढ्यावरच भागलं असतं. पण वहिनींनी फोन ठेवला नाही.

"अगं, आज स्टॉपवर सोडायला मीच आले होते. सहज आपली, पाय मोकळे करायला. आणि हे बघ, त्यांच्या वरच्या खिशात घरचा पत्ता लिहून ठेवलाय. असू दे हं, काढू नकोस."

"पत्ता? कशाला?"

"परवा दोन गल्ल्या पलीकडच्या घराचं कुलूप उघडत बसले होते. विसरभोळेपणा, दुसरं काय! ऑफिसात एवढं डोकं चालतंय ना, मग मला कसली भीती? तू सांगतेस म्हणून तर मला झोप लागते बाई."

धाकटीनं मास्तरांच्या खिशाकडे पाहिलं. सवयीची जीभ मात्र बोलून गेली, "ठणठणीत आहेत, वहिनी."

फोन ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली. म्हणजे घरी त्या झाकत होत्या आणि इथं ही. त्या हिच्या भरवशावर निजत होत्या आणि ही त्यांच्या.

"चला, धाकटे!" मास्तरांनी हाक मारली. "मुहूर्त काढतेस की काय?"

काचेच्या खोलीत साहेबही आले होते. साहेबांचं काम उंटावरून शेळ्या हाकायचं, पण आज उंटावरून खाली उतरून दारापाशी उभे होते, फोनवर बोट फिरवत.

या कामाचा एक नियम होता, आणि तो मास्तरांनीच घातलेला. उपसणाऱ्यानं हात ठेवायचा आणि काय उपसतोय ते मोठ्यानं बोलायचं. दुसऱ्यानं शेजारी उभं राहून, भागावरची पाटी वाचून ते पडताळायचं, मगच ओढायचं. आणि पडताळणाऱ्यासाठी त्यांची ताकीद असे: ऐकलेलं बोलू नकोस, दिसतंय ते बोल.

"वरचा," मास्तर ठणकावून म्हणाले. "पिवळा दिवा."

त्यांचा हात खालच्या खटक्यावर होता.

काचेपलीकडे एक मुलगी कुणाला तरी सांगत होती, "काका, घाबरू नका, गाडी निघालीय. दार उघडं ठेवा फक्त."

टॉर्च धाकटीच्या हातातच होता. नेहमीचं "जरा टॉर्च धरता का?" ओठांवर होतं. म्हटलं असतं तर वेळ मारून नेता आली असती, साहेबांना कळलंही नसतं, आणि उद्या सकाळी वहिनींना पुन्हा सांगता आलं असतं, ठणठणीत.

"वाच की," मास्तर म्हणाले.

"हात खालच्यावर आहे, मास्तर."

"वरच्यावर आहे."

"नाही."

"तुला हे काम कुणी शिकवलं गं?" आवाज चढला. साहेबांनी फोनवरून मान वर केली. मास्तरांच्या अंगठ्याखाली खटका अर्धा दबला होता. धाकटीनं त्यांच्या हातावर आपला पंजा ठेवला. त्यांचा हात गार होता.

"तुम्हीच शिकवलंत. दिसतंय ते बोल, म्हणालात. मला खालचा दिसतोय."

मास्तरांनी पिवळ्या दिव्याकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे, कुणा परक्याचा हात इथं कसा आला अशा नजरेनं. मग सावकाश अंगठा उचलला.

"तू काढ," ते म्हणाले. "मी वाचतो."

तिनं वरच्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे बारीक करून, दोनदा पाहून, वाचलं: "वरचा." बरोबर वाचलं. तिनं जुना भाग उपसला, नवा सरकवला. थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला आणि दोन्ही अंगं पुन्हा जोडीनं चालू लागली.

"झालं? वा!" साहेब म्हणाले. "मास्तर आहेत तोवर आपल्याला चिंता नाही."

"साहेब," मास्तर म्हणाले, "आजपासून चालत्या मशीनला मी हात लावणार नाही."

"म्हणजे सुट्टी हवीय वाटतं!" साहेब हसले. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी हसू आवरलं आणि "दुपारी बोलू" म्हणून निघून गेले.

जिन्यापाशी एक मोडकं बाक होतं. मास्तर त्यावर बसले.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"दुरुस्त केलेली चूकसुद्धा सांगायची असते. मशीनसुद्धा सांगतं, इतक्या दुरुस्त केल्या म्हणून. शिकवलं नव्हतं तुला?"

"शिकवलं होतं."

"मग?"

"सगळं चालू होतं ना, मास्तर."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि घरी?"

"वहिनींना वाटतं तुम्ही इथं ठीक आहात. मला वाटायचं तुम्ही तिथं ठीक आहात."

"आणि मला वाटायचं मी ठीक आहे," मास्तर म्हणाले. "दोघीही तसंच सांगायचात." त्यांनी वरच्या खिशात बोटं घातली, आतला कागद चाचपला, पण बाहेर काढला नाही. "फोन लाव तिला. मी नाही बोलणार. मला जमणार नाही."

धाकटीनं फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"काय गं? या वेळी? काही झालं का?"

"वहिनी," धाकटी म्हणाली, "इकडे ठीक नाही."

पलीकडे नुसतं भांडं उकळत असल्याचा आवाज. 

"थांब," त्या म्हणाल्या, "गॅस बंद करते."

उकळणं थांबलं. खुर्ची सरकली.

"हं," वहिनी म्हणाल्या. "आधी तू सांग. मग मी सांगते."