पिपसारखं बसणं

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावच्या उपचार केंद्रात पिपचा तो शेवटचा शुक्रवार होता. पिप म्हणजे गुडघाभर उंचीचा पांढरा रोबो, स्वमग्न मुलांशी बोलायला बारा आठवड्यांसाठी आणलेला. सोमवारी तो दुसऱ्या गावी जाणार होता. सात वर्षांची टेस त्याच्याशी घडाघडा बोलायची. आईशी, म्हणजे ब्रॉनविनशी, एक अक्षर नाही. अहवालात 'उल्लेखनीय प्रगती' असं लिहिलं होतं. कोणाशी बोलण्यात, त्याला रकाना नव्हता.

पिपची वाक्यं काचेआड बसून केंद्रातली उपचारतज्ज्ञ किरली टाइप करायची. हे टेसला ठाऊक नव्हतं.

"आज तू बस," किरली ब्रॉनविनकडे खुर्ची सरकवत म्हणाली. "निरोपाचं वाक्य कागदावर आहे. तेवढंच हं, आगाऊपणा नको."

ब्रॉनविनने आगाऊपणा केला.

"तू आईशी का बोलत नाहीस?" पिपने विचारलं.

टेसने आधी त्याचा हात सरळ केला. "आई बोलते तेव्हा तिचा चेहरापण बोलतो. दोघं एकदम बोलतात. मग मला काहीच कळत नाही."

"मग आईने काय करावं?"

"तुझ्यासारखं बसावं."

किरलीने कीबोर्ड काढून घेतला. रागावली मात्र नाही.

शनिवारपासून ब्रॉनविन आरशासमोर सरावाला बसली. भुवया बंद, हसू बंद, आवाज सपाट. तिचे वडील कीथ सॉसेज परतता परतता बघत होते.

"तुझी आई असंच तोंड करून सहा वर्षं माझ्याशी बोलली नाही," ते म्हणाले. "तू बोलणं व्हावं म्हणून करतेयस. घराण्याचा गुण, उपयोग तेवढा वेगळा."

"डॅड, हसवू नका. चेहरा मोडतो."

टेस सहा दिवस लांबूनच बघत राहिली. सातव्या दिवशी दुपारी ती समोरच्या खुर्चीत येऊन बसली.

"पिप," ती म्हणाली.

ब्रॉनविनच्या काळजात चर्र झालं. चेहऱ्याला तिने ते कळू दिलं नाही.

"बोल, टेस."

आणि टेस बोलली. शेजारच्या कुत्र्याबद्दल, शाळेतल्या पंख्याच्या घरघरीबद्दल, टोस्टचा कुठला कोपरा आवडत नाही त्याबद्दल. सात वर्षांत ऐकली नव्हती एवढी वाक्यं पंधरा मिनिटांत झाली. शेगडीजवळ कीथ उभेच होते. आवाज नको म्हणून त्यांनी गॅस बंद केला.

मग टेस पुढे झुकून हळूच म्हणाली, "पिप, आई आली की मला सांग हं."

"का?"

"म्हणजे मी गप्प बसेन."

ब्रॉनविनने उत्तराला दोन सेकंद घेतले. पिपही तेवढेच घ्यायचा.

"सांगेन," ती म्हणाली.