डबीला शिकवलेली अहिराणी

पुरुषोत्तमनगरच्या तुळशीबाईंना त्यांच्याच ओसरीवर एका वाटीएवढ्या डबीने अडाणी ठरवलं. ही गोष्ट ज्याला खोटी वाटते त्याने तसं त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवावं.

डबी आणली पुण्याला नोकरीत असलेल्या भरतने, म्हणजे पोटच्या पोराने. दोन दिवस खपून त्याने दिवे, पंखे, पाण्याची मोटार, फाटकाचं कुलूप, सगळं बिनतारी त्या डबीला जोडलं. भिंतीवरची बटणं उपटून टाकली आणि फाटकाबाहेरच्या भिंतीवर डबीचा माइक बसवला.

"आता नुसतं बोलायचं, आई."

तुळशीबाई बोलल्या, "दिवा लाय."

डबीतली बाई म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही."

"आई, नीट मराठीत बोल. 'दिवा लाव' म्हण. तिला अहिराणी येत नाही."

"मन्हा घरमा राहस, मन्ही लाईट खाई जास, आनि मन्ही बोली तिले समजत नही?"

भरत हसला. ते हसणं त्यांना डबीपेक्षा जास्त झोंबलं. शाळेतून आलं की 'माय, मी उनू' करत पदर ओढणारं हे पोर, पुण्याला जाऊन चार वर्षांत 'आई' म्हणायला लागलं होतं.

भरत गेला. तुळशीबाई आठ दिवस अंधारात जेवल्या, पण 'लाव' म्हणाल्या नाहीत. वरणात मिठाऐवजी साखर पडली, तीही ताठ मानेने खाल्ली. डासांनासुद्धा ताट दिसेना, ते शेजारी राहायला गेले.

नवव्या दिवशी डबी पिशवीत कोंबून त्या शहाद्याला गेल्या. एसटीत तिला मांडीवर घेतलं नाही, पायाशी ठेवलं. स्टँडजवळ तबस्सुमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

"बेटी, हिले वळण लाय."

तबस्सुमने डबीने काय काय ऐकलं होतं ते फोनवर वाचलं आणि तोंडाला ओढणी लावली. "मावशी, ही बहिरी नही, आगाऊ शे. तुम्ही म्हनतस 'दिवा लाय', ही ऐकस 'दिवाळी'."

"मंग?"

"मंग काय, 'दिवाळी' ऐकं का लगेच दिवा लाय, असं सांगी देऊ तिले."

तबस्सुमने भरतच्या फोनची जोडणी पुसली, डबी तुळशीबाईंच्या फोनला जोडली आणि डबीची एकेक चूक हुकूम म्हणून लिहून घेतली. 'पानी चढाय' तिला 'पाणी, चहा' ऐकू येई. तेवढ्यावर मोटार सुरू. फाटकाचे शब्द मात्र तुळशीबाईंनी स्वतः निवडले. तबस्सुमने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ते तसेच लिहिले.

दिवाळीला भरत आला. फाटक बंद. तुळशीबाई ओसरीवर वाती वळत होत्या.

"गेट उघड," तो भिंतीवरच्या माइकला म्हणाला.

"माफ करा, मला समजलं नाही."

त्याने चार तऱ्हांनी सांगितलं. फोन काढला, तर फोनला डबीच सापडेना. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

"आई, अगं तू तरी उघड."

"नीट बोल," तुळशीबाई वातीवरून नजर न काढता म्हणाल्या. "तिले पुन्यानी मराठी येत नही."

भरतचे कान लाल झाले. बॅग खाली ठेवून तो माइकच्या अगदी जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "माय, मी उनू."

कुलूप खट्कन उघडलं.

"ये रे भो," तुळशीबाई म्हणाल्या. "पानी? चहा?"

आणि मागच्या अंगणात मोटार सुरू झाली.