बेचाळिसावी सही

"बेचाळीस हा आकडा ठळक छापू," कार्यकर्ता म्हणाला. "बेचाळीस घरं, बेचाळीस सह्या, एक बाई. लोकांच्या डोक्यात असंच बसतं."

शिलाईवाली ताई मशीनसमोर बसून प्रचारपत्रकाचा मजकूर वाचत होती. तो आकडा सोडला तर त्यात खोटं काही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या सासूच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी अडली, म्हणून शेजाऱ्यांनी म्हातारीला खुर्चीत बसवून बाहेर नेलं. ती खुर्चीतच गेली. महिन्याभरात ताईने गल्ली रुंद करण्याचा अर्ज लिहिला, घरोघरी संमती घेतली आणि रस्ता करवून घेतला. तेव्हापासून नळजोडणी, पेन्शन, शाळेचा दाखला, कसलाही अर्ज असो, लोक तिच्या मशीनपाशी येऊन बसू लागले. आणि आता हे लोकच तिला नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी करत होते.

अर्ज भरायची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. दहा सूचक हवे होते. नऊ जणांनी सह्या दिल्या होत्या. दहावं नाव कुलूपवाल्याच्या विधवेचं, काकूंचं. कार्यकर्ता तिच्याकडे दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा तिने एकच निरोप दिला: जिला उभं राहायचंय तिला पाठव.

"दुसरं कुणी घे," ताई म्हणाली.

त्याने नकारार्थी मान हलवली. काकूंचा शब्द गल्लीत चालतो, त्यांनी नाही म्हटल्याचं बाहेर गेलं तर बाकीचे नऊही विचारात पडतील, असं त्याचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं. ताईने टेप गळ्यातून काढून ठेवली आणि अर्ज घेऊन निघाली.

अकरा वर्षांपूर्वी रस्त्याच्या अर्जाला अट एकच होती. प्रत्येक घराची लेखी संमती. एक कमी पडली तरी अर्ज बाद. शेवटच्या दिवशी एकेचाळीस झाल्या होत्या. कुलूपवाला इस्पितळात होता, बायको त्याच्या उशाशी. कोपऱ्यावरची त्याची किल्ल्यांची टपरी बंद. कामाला गेलेल्या माणसाची सही शेजाऱ्याने ठोकून द्यायची, ही गल्लीची रीतच होती. ताईने पेन बदललं, अक्षर थोडं तिरपं काढलं आणि शेवटच्या अक्षराला एक शेपटी दिली. आठ महिन्यांनी टपरी पाडायला माणसं आली तेव्हा मुकादमाने संमतीपत्र दाखवलं. कुलूपवाल्याने कागद पाहिला, मग गर्दीत उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. "रस्ता होऊ दे," एवढंच म्हणाला आणि जमिनीवर पडलेल्या किल्ल्या गोळा करायला बसला. त्यानंतर ताईने कुणाची सही मारली नाही. का मारत नाही, हेही कुणाला सांगितलं नाही. कुलूपवाला पुढे एका गोदामावर पहारेकरी झाला आणि दोन वर्षांपूर्वी वारला.

काकू दारातच लसूण सोलत बसली होती. "ये. उमेदवार म्हणजे खुर्ची द्यायला हवी, पण आमच्याकडे पाटच आहे," ती म्हणाली.

ताई बसली. अर्ज पिशवीतून काढला, पण पुढे केला नाही. एवढे अर्ज लिहिले, पण या बोलण्याची सुरुवात कशी करायची ते तिला सुचेना.

"काकू, रस्त्याच्या अर्जावर काकांची सही मी केली होती."

"माहीत आहे."

"काका बोलले?"

"बोलायचं काय त्यात? त्यांना सही येतच नव्हती."

लसूण सोलता सोलताच काकू सांगत गेली. काका अंगठा लावायचे तो गल्लीबाहेर, ओळखीचं कुणी नसेल तिथे. गिऱ्हाइकाने चिठ्ठी दिली की चष्मा घरी राहिलेला असायचा. टपरी पाडली त्या दिवशी ही सही माझी नाही म्हणायचं, तर मला सही येत नाही हे चारचौघांत सांगावं लागलं असतं.

"टपरी दिली त्यांनी. पण ते काही तोंडातून निघालं नाही."

ताई खाली बघत होती. फरशीवर सालं पडली होती, ती तिने उगीचच एका जागी केली.

"मग त्या कागदाची झेरॉक्स मागून आणली," काकू म्हणाली. "रोज जेवण झालं की गिरवायला बसायचे. गोदामाच्या पगारपत्रकावर, बँकेत, शेवटी इस्पितळाच्या कागदावर, सगळीकडे तीच केली. तुझी शेपटी आहे ना, तीसुद्धा. अगदी खूश असायचे. मला मात्र ती बघवायची नाही."

ताईने अर्जाची घडी घातली.

"मी दुसरं कुणी बघते, काकू."

"का? या वेळी मी घरी आहे ना. आण इकडे."

ताईने पिशवीतून शाईची डबी काढून उघडली आणि सवयीने काकूचा अंगठा धरायला हात पुढे केला. काकूने आपला हात मागे घेतला. पदराला बोटं पुसली, अंगठा शाईवर टेकवला आणि दहाव्या चौकटीत स्वतःच दाबून उठवला.

"मला सही येते. पण सही कुणालाही मारता येते. अंगठ्याचं तसं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा लसणाकडे वळली.

कोपऱ्यावर कार्यकर्ता वाट बघत होता. अंगठा बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"पत्रकात एकेचाळीस कर," ताई म्हणाली.

"ताई, छापायला गेलंय. आणि एकेचाळीस म्हटलं की लोक विचारणार, बेचाळिसावं घर कुठलं?"

"विचारू दे. सांगेन."

"सांगाल काय?"

त्याने अर्जासाठी हात पुढे केला, पण ताईने अर्ज दिला नाही. शाई अजून ओली होती. कागद दोन्ही तळव्यांवर आडवा धरून ती रुंद रस्त्याच्या मधून कचेरीकडे चालू लागली. दोन्ही बाजूंच्या दारांतून लोक ताई, ताई म्हणत हात हलवत होते. तिला हात वर करता येत नव्हता.